शून्य त्रुटी

बारावीपर्यंत उत्तराला चौकट असायची.
चौकटीत लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधावं लागत नाही.
मी पट्टीनं आधी चौकट आखायची,
मग आत उत्तर. कधी स्वतःचं, कधी शेजारणीचं.

सांगलीत बी.एस्सी.ला आले.
माधवनगरहून सायकल, रेल्वेपुलाच्या चढाला उतरून ढकलायची.
पहिलं प्रॅक्टिकल : तांब्याच्या तारेची जाडी.
स्क्रू गेज. पाच निरीक्षणं, मग सरासरी.
मी मोजली एकदा
आणि लिहिली पाचदा.

कागवाडे मॅडमनी जर्नल उचललं, चष्मा कपाळावर.
"पाचही सारखीच?
हे तू मोजलं नाहीस, रेवती. ठरवलंस."
लाल पेनाचं टोपणसुद्धा न काढता वही परत.
रेघ तरी मारायची.
रेघेशी मला भांडता आलं असतं.

मग मोजली. खरोखर मोजली, तार फिरवून फिरवून.
छेचाळीस, सत्तेचाळीस, पुन्हा छेचाळीस,
मधेच एकोणपन्नास, मग पंचेचाळीस.
"मॅडम, यातलं बरोबर कुठलं?"
"मला नाही माहीत."
इतक्या सहज म्हणाल्या, जणू किती वाजले विचारलं होतं.
बाहेर स्टँडवर कुणाची तरी सायकल पडली
आणि तिच्या धक्क्यानं पुढची, तिच्यानं पुढची,
शेवटपर्यंत.

"आणि शून्य त्रुटी काढलीस का?"
नव्हती काढली.
स्क्रू मिटवला. मध्ये तार नाही, काही नाही,
तरी तो तीन दाखवत होता.

त्या रात्री झोप आली नाही, असं म्हणणार नाही. आली.
पण दुसऱ्या दिवशी नसरीननं डबा पुढे केला
आणि माझा हात थांबला, झाकण उघडायच्याही आधी.
काहीच न धरता तीन.
डब्यात दोडक्याची भाजी होती.
मला दोडका आवडत नाही, हे मला
दोन भाकरी संपल्यावर आठवलं.

सेकंड इयरला उलटाच आजार.
सगळ्यांचंच बरोबर वाटायला लागलं.
कॅन्टीनमध्ये कुणी काही म्हणो, मी म्हणायची, तसंही असेल.
पुराचं पाणी धरणामुळं की पावसामुळं? दोन्ही असेल.
परमेश्वर? तसंही असेल.
मावशीनं विट्याचं स्थळ आणलं, मुलगा बरा, घर बरं,
परीक्षा काय, नंतरही देता येतील.
तसंही असेल, मी म्हणाले, आणि मावशीनं ते हो म्हणून नेलं.
नसरीन भडंगाचा कागद चुरगाळत म्हणाली,
"पाच आकडे लिहून सरासरीची जागा कोरी ठेवणारी
तूच बघितली बाई मी."

अण्णा मार्केट यार्डात तोलाईला.
काट्यावर त्यांचा शब्द शेवटचा, आणि घरातही.
त्यांना डबा द्यायला गेले तेव्हा
सौदे उरकले होते. पोत्यांच्या थप्पीआड
भिंतीचा चुनाही हळदीचा झालेला.
म्हटलं, अण्णा, तुम्ही सांगता ते वजन खरंच खरं असतं?
हसले. मला वाटलं, रागावतील.
"सकाळचं पोतं दुपारी तेच असतंय व्हय?
हळद हवा पिती, हवा सोडती.
घट धरायची असती गं."
मग काट्याकडं बघत, जरा वेळानं :
"पण आकडा घालायला लागतोच.
आकडा न घातलेलं पोतं
कुणाच्याच वखारीत जात नाही."

चाळीस वर्षं हे त्यांना ठाऊक.
मला वाटायचं, माझ्या घरी फक्त खात्री राहते.

शेवटी जर्नल भरलं. पाच निरीक्षणं, सगळी वेगळी.
वजा तीन. खाली सरासरी,
आणि सरासरीपुढं अधिक-उणेचं ते लहानसं चिन्ह,
जे मी बारावीत छपाईची चूक समजायची.
चौकट आखली नाही.

संध्याकाळी अण्णांना म्हटलं,
विट्याला नाही म्हणून कळवा.
"ठरलं?"
"घट धरून," मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत.
हळदीचा हात पँटीला पुसत राहिले,
पुसला जात नाही हे माहीत असून.